मालवणच्या प्रवाळावर पर्यटनाचा भार

दिवाळीच्या सुट्टीपासून मे महिन्यापर्यंत मालवणच्या किनाऱ्यावर सकाळच्या प्रहरी एकच लगबग असते. लाइफ जॅकेट चढवलेले पर्यटक होड्यांत बसत असतात, हवेची नळकांडी वाहून नेली जात असतात आणि समोर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाआड होड्यांची दाटी झालेली असते. किनाऱ्यापासून होडीने थोड्याच अंतरावर, काही मीटर पाण्याखाली, खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. पोहता न येणारा माणूसही सकाळच्या न्याहारीनंतर निघून दुपारच्या जेवणाआधी हे प्रवाळ पाहून परत येऊ शकतो. अंदमान किंवा लक्षद्वीपला जाण्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा येथे लागत नाही. मालवणच्या सागरी पर्यटनाचे सारे भांडवल या सहजतेत आहे आणि त्याचे आजचे दुखणेही तिच्यातूनच उद्भवले आहे.

देशातील प्रवाळभित्ती म्हटले की अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि कच्छचे आखात ही नावे घेतली जातात. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे नाव त्या यादीत सहसा नसते, आणि काटेकोरपणे पाहिले तर ते योग्यही आहे. मालवणला सलग प्रवाळभित्ती नाही. खडकांवर ठिकठिकाणी वाढलेल्या प्रवाळांच्या वसाहती आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. कासीम आणि डॉ. वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद १९७९ मध्ये प्रसिद्ध केली, त्यात मालवणही होते. त्यानंतर आठ वर्षांनी, १३ एप्रिल १९८७ रोजी, राज्य सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आणि त्यातील गाभा क्षेत्र अवघे ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड याच गाभा क्षेत्रात येतात. म्हणजे पर्यटकांच्या होड्यांची सर्वाधिक गर्दी जेथे होते, तो भाग कागदोपत्री अभयारण्याचा सर्वांत संरक्षित भाग आहे.

येथील प्रवाळ फांद्याफांद्यांचे, रंगीबेरंगी जाहिरातींत दिसतात तसे नाहीत. पोराइट्स, फॅविटीस यांसारख्या जातींचे गोलसर, दगडासारखे दिसणारे प्रवाळ येथे अधिक आढळतात. पावसाळ्यात कर्ली नदी आणि कोळंबच्या खाडीतून येणारा गाळ, समुद्राची खारटपणा कमी करणारे गोडे पाणी आणि उन्हाळ्याची उष्णता हे सारे सोसून ते टिकले आहेत. शास्त्रज्ञांना त्यांच्याविषयी विशेष कुतूहल वाटते ते याचमुळे. मात्र सोसण्यालाही मर्यादा असते. गोलसर प्रवाळाची वाढ वर्षाला साधारणपणे एक सेंटिमीटरच्या आसपास होते. हातभर रुंदीची वसाहत तयार व्हायला माणसाची एक पिढी जाते. ती तुटायला एक नांगर पुरतो.

पर्यटकाला दिसतो तो दगड. प्रत्यक्षात त्या दगडावर जिवंत जीवांचा अत्यंत पातळ थर असतो. बोटाच्या टोकाएवढ्या किंवा त्याहूनही लहान आकाराचे असंख्य जीव चुन्याचे घर बांधून एकत्र राहतात आणि त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो, बदल्यात प्रवाळ त्याला आसरा देतो. प्रवाळाला उथळ, स्वच्छ, उजेडाचे पाणी लागते ते या भागीदारीमुळे. आणि नेमके असेच पाणी नवख्या पर्यटकालाही लागते. दोघांची जागा एकच असल्याने संघर्ष अटळ ठरतो. दम लागला म्हणून, भीती वाटली म्हणून किंवा छायाचित्र नीट यावे म्हणून माणूस खाली पाय टेकतो, तेव्हा तो या जिवंत थरावर उभा असतो. पायातील पंखांच्या फटकाऱ्याने उडालेली वाळू प्रवाळावर बसते. ती झटकून टाकण्यासाठी प्रवाळाला चिकट द्राव सोडावा लागतो आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते. एका पर्यटकाने काही बिघडत नाही, हे खरे आहे. पण एका खडकावर हंगामभर रोज माणसे उतरत असतील तर हिशेब वेगळा होतो.

हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न झालेला आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवण अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेचा अभ्यास करून २०२० मध्ये ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. या निबंधाच्या शीर्षकातच उत्तरदायित्वाच्या अभावाचा उल्लेख आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शास्त्रीय निबंध सहसा इतके स्पष्ट बोलत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व भित्तीनिर्माते प्रवाळ समाविष्ट आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ताडोब्याचा वाघ आणि मालवणचा प्रवाळ एकाच पंक्तीला बसतात. वाघाच्या पाठीवर हात ठेवून छायाचित्र काढून घेण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. प्रवाळावर हात ठेवून काढलेली छायाचित्रे मात्र सहलीची आठवण म्हणून अभिमानाने मिरवली जातात.

मासेमारीकडून पर्यटनाकडे

तथापि, याचा दोष केवळ व्यावसायिकांच्या माथी मारणे हा अन्याय ठरेल. मालवणचे पाण्याखालचे पर्यटन कसे उभे राहिले, हे पाहिल्याशिवाय आजचा पेच समजत नाही.

अभयारण्याची घोषणा झाली तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी तिला कडवा विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात रापण ओढली, तेथेच मासेमारीवर निर्बंध येणार, ही भीती त्यामागे होती. सरकारने निर्णय आधी घेतला आणि समजूत घालण्याचे काम मागे ठेवले. परिणामी पुढची अनेक वर्षे अभयारण्य बव्हंशी नकाशावरच राहिले. दरम्यान यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळ्यांमुळे पारंपरिक मच्छीमारांच्या हाती येणारी मासळी घटत गेली. पर्ससीनवाले विरुद्ध पारंपरिक मच्छीमार हा संघर्ष सिंधुदुर्गात समुद्रात आणि रस्त्यावर दोन्हीकडे लढला गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले तरी तो मिटला नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला होता. पण पर्यटक तेव्हा किल्ला पाहून, सुरमई खाऊन आणि तारकर्लीच्या वाळूत फिरून परतत असे. पाण्याखालचे जग दाखविण्याचा व्यवसाय खऱ्या अर्थाने वाढला तो २०११ नंतर, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साह्याने सिंधुदुर्गात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प सुरू झाला त्या काळात. मच्छीमारांच्या मुलांना समुद्रातच, पण मासळीवाचून, रोजगार मिळाला तर तेच प्रवाळाचे राखणदार होतील, असा त्यामागचा विचार होता. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे या साऱ्या घडणीत महत्त्वाचे योगदान आहे.

विचार चुकीचा नव्हता आणि तो अंशतः फळालाही आला. गाबीत समाजातील अनेक तरुण आज मार्गदर्शक आहेत, घराच्या एका बाजूला चार खोल्या बांधून न्याहारी-निवास चालवतात, होडीच्या कर्जाचे हप्ते फेडतात. मुंबईला जाऊन मिळेल ती नोकरी धरण्याऐवजी गावात राहता येते, ही कोकणात साधी गोष्ट नव्हे. ज्या अभयारण्याच्या नावाने एके काळी मोर्चे निघाले, त्यातील प्रवाळ पाहायला लोक येतात म्हणून आपली चूल पेटते, हे गावाला कळून चुकले आहे. देशातील किती अभयारण्यांविषयी असे म्हणता येईल?

गाडे अडले ते पुढे. व्यवसायात शिरणे सोपे होते, म्हणून शिरणाऱ्यांची संख्या वाढली. संख्या वाढली तशी दरांची चढाओढ सुरू झाली. ती वर जाणारी नव्हे, खाली उतरणारी होती. दर उतरला की तो भरून काढायला फेऱ्या वाढवाव्या लागतात, फेऱ्या वाढवायच्या तर प्रत्येक पर्यटकाला पाण्याखाली मिळणारी मिनिटे कमी करावी लागतात. आधीची तयारी तर सर्वांत आधी कापली जाते. उथळ पाण्यात कसे तरंगावे, कान कसे मोकळे करावेत, पाय का टेकू नयेत, हे समजावायला किमान अर्धा तास हवा. स्वस्त फेरीत तो परवडत नाही. मग मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटांचा चुरा टाकणे आले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका कॅमेऱ्यासमोर जमतो, पर्यटक खूश होतो आणि प्रवाळावरचे शेवाळ खरडून खाणारे मासे आपले नेमून दिलेले काम सोडून पावाच्या मागे लागतात. मार्गदर्शकांना हे कळत नाही असे नाही. शेजारच्या होडीवाल्याने पाव टाकला आणि आपण टाकला नाही तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल, एवढेच त्यांना त्याहून अधिक कळते.

उथळ पाण्याचा आणखी एक गैरसमज सुरक्षिततेविषयीचा आहे. चार-पाच मीटर खोलीत काय होणार, असे पर्यटकाला वाटते. वास्तविक दाबातील बदल पृष्ठभागाजवळच्या पहिल्या दहा मीटरमध्येच प्रमाणाने सर्वाधिक असतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. नळकांड्यातील हवा घेणारा माणूस घाबरून श्वास रोखून वर आला, तर उथळ पाण्यातही फुप्फुसांना इजा होऊ शकते. प्रमाणपत्र नसलेल्या नवख्यासाठी ‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने १२ मीटरची मर्यादा, आरोग्याची प्रश्नावली आणि प्रशिक्षित मार्गदर्शकाची सोबत हे नियम घालून दिले आहेत ते उगीच नव्हे. धोका केवळ पाण्याखाली असतो असेही नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ डायव्हिंग करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पावसाळ्यासाठी प्रवासी होड्या आणि जलक्रीडा २६ मेपासून बंद होतात. हंगाम संपायला तेव्हा दोनच दिवस उरले होते. अपघातानंतर तपासण्या झाल्या, सूचना निघाल्या. मग पुढचा हंगाम आला.

जबाबदारी कोणाची?

येथे मूळ प्रश्नाला हात घालावा लागतो. अभयारण्य वन विभागाचे. होड्यांची नोंदणी, प्रवासी क्षमता आणि जलक्रीडांचे परवाने मेरीटाइम बोर्डाकडे. मासेमारी मत्स्य विभागाकडे. पर्यटनाचा प्रसार पर्यटन महामंडळाकडे. अपघात झाला की पोलीस आणि जिल्हा प्रशासन. बोर्डाचा अधिकारी होडीत लाइफ जॅकेट आहेत की नाहीत हे पाहतो; होडीचा नांगर कशावर पडला, हे पाहणे त्याचे काम नव्हे. वन विभागाला ते पाहायचे आहे, पण जमिनीवरची जंगले राखण्यासाठी घडवलेल्या यंत्रणेने पाण्याखाली गस्त कशी घालावी? प्रत्येक खात्याकडे प्रवाळाचा एकेक तुकडा आहे आणि अख्खा प्रवाळ कोणाकडेच नाही.

एका खडकावर वर्षाकाठी किती माणसे उतरावीत याचे जगात काही आडाखे आहेत. कॅरिबियन समुद्रातील बोनेर आणि तांबड्या समुद्रातील इजिप्तच्या किनाऱ्यावरील अभ्यासांवरून एका ठिकाणी वर्षाला सुमारे पाच ते सहा हजार डुबक्यांपर्यंत इजा मर्यादेत राहते, त्यापलीकडे ती झपाट्याने वाढते, असे संशोधकांनी मांडले. हा आकडा जसाच्या तसा मालवणला लावता येणार नाही. तेथील डायव्हर बहुतांशी प्रशिक्षित, येथील बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारे. तेव्हा मालवणची मर्यादा यापेक्षा कमीच निघेल, असे मानायला जागा आहे. हंगाम आठ महिन्यांचा धरला आणि एका खडकावर दिवसाला केवळ पंचवीस माणसे उतरली, तरी सहा हजारांचा आकडा गाठला जातो. सुट्टीच्या दिवशी किल्ल्यामागे उभ्या राहणाऱ्या होड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला पुढचे गणित सांगायला नको.

या संदर्भात हवाई बेटांतील हनौमा उपसागराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तोही किनाऱ्याला लागून असलेला उथळ प्रवाळ आणि शहरापासून जवळ. १९६७ मध्ये त्याला संरक्षण मिळाले, तरी १९८० च्या दशकात वर्षाला तीस लाखांच्या आसपास माणसे तेथे लोटू लागली. माशांना खाऊ घालणे तेथेही चाले. पुढे ते बंद झाले. २००२ पासून पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाला नऊ मिनिटांची माहितीफीत सक्तीने पाहावी लागते. करोनाच्या साथीत उपसागर काही महिने बंद राहिला, तेव्हा पाणी निवळले आणि मासे पुढे येऊ लागले. त्यानंतर प्रशासनाने दैनंदिन पर्यटकांवर मर्यादा घातली, आठवड्यात दोन दिवस प्रवाळाला सुट्टी दिली आणि बाहेरच्या पर्यटकांचे शुल्क वाढवले. थायलंडने तर प्रसिद्ध माया उपसागर जून २०१८ मध्ये बंद केला तो जानेवारी २०२२ मध्येच उघडला, तोही होड्यांना आत न येऊ देता.

मालवणला साडेतीन वर्षांची बंदी घालणे शक्य नाही आणि इष्टही नाही. ज्या तरुणांच्या भरवशावर संरक्षण उभे करायचे, त्यांनाच पुन्हा अभयारण्याचे वैरी करण्यासारखे ते होईल. १९८७ ची चूक दुसऱ्यांदा करण्यात शहाणपण नाही. परंतु खडक आळीपाळीने बंद ठेवणे, नांगराऐवजी कायमचे बोये बसवून होड्या त्यांना बांधणे, प्रत्येक फेरीसाठी किमान दर ठरवणे आणि एका मार्गदर्शकामागे पर्यटकांची संख्या बांधून देणे, यांतले काहीच अशक्य कोटीतले नाही. त्यातही किमान दर सर्वांत महत्त्वाचा. दर वाढला तर फेऱ्या कमी करूनही घर चालते, आणि अर्ध्या तासाची तयारी परवडते. पुण्या-मुंबईचा पर्यटक हॉटेलात मासळीच्या एका थाळीला जे मोजतो, त्याच्या दुपटीत त्याला समुद्राचा तळ पाहायला मिळावा, अशी अपेक्षाच मुळात विचित्र आहे.

बुडविलेल्या जहाजाचा पर्याय

सरकारचा भर सध्या निराळ्याच गोष्टीवर दिसतो. नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही सुमारे ८३ मीटर लांबीची युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळक्षेत्र तयार करण्याची योजना पर्यटन महामंडळाने हाती घेतली. २०२५ च्या प्रारंभी कारवार येथे ही नौका महामंडळाच्या स्वाधीन झाली. बुडालेल्या जहाजांभोवती मासे जमतात, कालांतराने त्यांवर सागरी जीव वस्ती करतात, हे गोव्यात ग्रँडे बेटाजवळ वर्षानुवर्षे दिसते आहे. योजनेला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र यामुळे मालवणच्या प्रवाळावरील भार हलका होईल, हा जो दावा केला जातो तो तपासून घ्यायला हवा. एवढी नौका ठेवायची तर खोल पाणी लागते, आणि खोल पाण्यात जायला प्रशिक्षण लागते. किल्ल्यामागच्या खडकावर उतरणारा, पोहता न येणारा पर्यटक तेथे जाणार नाही. उलट नव्या आकर्षणामुळे जिल्ह्यात येणारी गर्दी वाढेल आणि तिच्यातील नव्वद टक्के नसली तरी बहुसंख्य माणसे पुन्हा उथळ खडकाकडेच वळतील, ही शक्यता अधिक. चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला आहे, महामार्गही पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे. गर्दी कमी होण्याचे एकही कारण दिसत नाही.

या साऱ्यावर आणखी एक सावट आहे आणि त्यावर मालवणचा काहीच इलाज चालणार नाही. समुद्राचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एक अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, नाही तर उपासमारीने मरतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळातील जागतिक लाटांनंतर चौथी लाट सुरू असल्याचे अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. मार्च २०२५ पर्यंत जगातील ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला तिची झळ बसली होती. त्याच काळात लक्षद्वीपमधील मोठ्या विरंजनाचा अहवाल केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने दिला. मालवणचे प्रवाळ या तडाख्यातून सुटलेले नाहीत. तापमान जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने उतरत नाही. पण आजारातून उठणाऱ्या माणसाला धक्काबुक्की सोसत नाही, तसेच विरंजनातून सावरणाऱ्या प्रवाळाला पाय, नांगर आणि गाळ सोसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वाधिक तापते, आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी असते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की त्या आठवड्यांपुरते संवेदनशील खडक बंद ठेवण्याचा नियम करायला नवा कायदा लागत नाही. अभयारण्याचा आहे तो कायदा पुरेसा आहे.

सध्या प्रवाळाला जी विश्रांती मिळते, ती पावसाळ्याच्या कृपेने. २६ मे ते ३१ ऑगस्ट हा बंदीचा काळ होड्यांच्या आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी ठरलेला आहे. सप्टेंबरात समुद्र शांत होतो, पाणी निवळायला आणखी काही आठवडे जातात आणि दिवाळीच्या आरक्षणाचे फोन त्याच सुमारास वाजू लागतात. पर्यटक उतरण्यापूर्वीचे हे मधले आठवडे मोजणीला सोयीचे आहेत: कोणत्या खडकावर किती वसाहती शाबूत आहेत, किती तुटल्या, किती पांढऱ्या पडल्या. ही मोजणी करायला बाहेरून तज्ज्ञांचा ताफा आणण्याचीही गरज नाही. तो खडक हाताच्या तळव्यासारखा ओळखणारी आणि डायव्हिंगचे प्रमाणपत्र असलेली माणसे दांडी, चिवला आणि देवबागमध्ये घरोघर आहेत. त्यांना त्या महिन्यात दुसरे कामही नसते.